उभयतांचा एक दिवस
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या दांपत्य-मेळाव्यातील भाषण)



या मेळाव्यात दोन शब्द बोलावे अशी आम्हांस आज्ञा झाली, तेव्हा प्रथम आम्ही नकारच दिला होता. आमचा धंदा पिठाच्या गिरणीचा. तेथे बोलण्यापेक्षा ओरडण्याचीच सवय अधिक. परंतु लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी तुम्ही उभयता केदारखेड्याहून कोठे गेलात व काय घेऊन परत आलात, एवढेच सांगा, असे सुचविण्यात आले. म्हणून उभे राहिलो आहोत.

आमचा विवाहसंस्कार उपवासकाळ लागण्यापूर्वी, फेब्रुवारी महिन्यात झाला. यंदा त्या दिवशी योग असा आला की, थोरली मुलगी परिचारिकेच्या शिक्षणासाठी छत्रपती संभाजीनगरास वसतिगृहात होती आणि दोघे मुलगे शाळेच्या सहलीस दोन दिवस गेले होते. लेकरे झाल्यापासून घर असे रिकामे आम्ही कधी पाहिले नव्हते. सकाळी चहाचे दोनच कप मांडले गेले, ते पाहून आमच्या घरच्या मंडळींना हसू आले व मग थोडे रडूही आले.

कोठे तरी जावे असे ठरले. गोव्याचे नाव निघाले. खर्चाचा आकडा मांडला आणि ते नाव पुन्हा घेतले नाही. शिवाय गिरणी दोन दिवसांहून जास्त बंद ठेवली तर गिऱ्हाईक दुसरी गिरणी पाहते. अखेरीस भोकरदनला जाण्याचे ठरले. आपणांस हसू येईल. भोकरदन म्हणजे आपले तालुक्याचे गाव. सातबाऱ्याचा उतारा, दाखले, बाजार यांसाठी शेकडो वेळा जाण्याचे ठिकाण. एस.टी.त भेटलेल्या एका गृहस्थांनी विचारलेच, "आज तहसिलीत काय काम काढले?" काही काम नाही, असे सांगितल्यावर त्यांचा विश्वास बसला नाही.

परंतु ज्या गावी आपण कागद काढण्यास जातो, ते गाव केवढे जुने आहे! प्राचीन काळी त्यास भोगवर्धन म्हणत. सांची व भारहूत येथील स्तूपांना दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत भोगवर्धनच्या लोकांचा उल्लेख आहे. १९७३ साली तेथे उत्खनन झाले, तेव्हा हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी फार साम्य असलेली मूर्ती इटलीतील पाँपेई येथे १९३८ साली मिळाली होती. आणि पाँपेई तर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे आपल्या या मुलखाचा व्यापार त्या काळीही समुद्रापार पोहोचत होता. ही माहिती आम्ही मुलांच्या पुस्तकांतून व इकडून-तिकडून गोळा केली होती आणि मोठ्या ऐटीत ती घरच्या मंडळींना सांगत केळणा नदीकाठच्या लेण्याकडे चाललो होतो. त्या डाव्या हाताने चालत होत्या. मधूनमधून काही विचारीत असाव्यात. आम्ही आपले सांगतच होतो.

लेण्यात शिरल्यावर बाहेरचा गलबला थांबला. त्या सावलीत आमच्या उजव्या बाजूस येऊन बसल्या व हळू आवाजात म्हणाल्या, "दशम्या काढू का?" आम्ही लगेच म्हटले, "काढ." त्या आमच्याकडे पाहतच राहिल्या. मग उठून डावीकडे गेल्या, आणि पुन्हा काही बोलल्या. आम्हांस ओठ हललेले दिसले.

"अहो, तुम्हांला या कानाने ऐकू येत नाही!"

ते आम्हांस ठाऊक होते. तीन वर्षे ठाऊक होते. बहिरा गिरणीवाला म्हणून गावात नाव पडेल, या लाजेने आम्ही ते लपविले होते. चक्कीशी डावा कान करून उभे राहण्यात आमची वीस वर्षे गेली. घरी कोणी काही बोलले की "बरे, बरे" म्हणायचे आणि वेळ मारून न्यायची. पोरांच्या कालव्यात ते खपून जाई.

मग त्यांनी जे सांगितले, ते ऐकून दशमी घशाखाली उतरेना. मुलीस एवढ्या लांब धाडू नये, वर्षभर थांबावे, असे त्यांनी एका रात्री आम्हांस विनवून सांगितले होते. आम्ही "बरे" म्हटले होते. आणि दुसऱ्याच दिवशी जाऊन फी भरून आलो! नवऱ्याने आपले म्हणणे ऐकून घेऊनही पायाखाली तुडविले, असे समजून त्या बाईने दीड वर्ष तोंडातून शब्द काढला नाही. आम्ही मात्र, ही अलीकडे अबोल का झाली, वयाचा परिणाम असेल, असे समजत होतो. क्षमा कोणी कोणाची मागावी, हाच प्रश्न पडला. शेवटी दोघांनीही मागितली.

फादर काल्वो नावाच्या स्पेनमधील एका धर्मगुरूंनी १९६२ साली बार्सिलोना येथे जोडप्यांना घरसंसारापासून दोन-तीन दिवस दूर नेऊन एकमेकांशी बोलावयास बसविण्याचा उपक्रम आरंभिला, आणि पुढे तो जगभर पसरला, असे आपण आताच ऐकले. आमचे म्हणणे एवढेच की, आम्हांस एक दिवस व एस.टी.ची दोन तिकिटे पुरली. अर्थात कान आमचे होते म्हणून. इतरांचे दुखणे निराळे असेल.

पुढच्या आठवड्यात जालन्यास कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी समजावून सांगितले की, ८५ डेसिबलच्या वरच्या आवाजात रोज आठ-आठ तास काढले म्हणजे कानाच्या आतील सूक्ष्म केसांसारख्या पेशी मरतात, व त्या पुन्हा उगवत नाहीत. प्रथम बारीक, उंच स्वर ऐकू येईनासे होतात. म्हणून पुरुषांचे बोलणे कळते आणि बायकामुलांचे निसटते. येथे गिरणी, मळणीयंत्र, ट्रॅक्टर चालविणारे पुष्कळ बंधू बसले आहेत. त्यांनी कानांत बोळे घालावेत; दुकानात स्वस्त मिळतात. आम्ही आता घालतो, आणि डाव्या कानात यंत्रही बसविले आहे. ते आपणांस दिसतच असेल.

मुलीस आम्ही उभयतांनी जाऊन सारे सांगितले. ती म्हणाली, "आता मला येथे बरे वाटते, बाबा, पण त्या वर्षी मलाही थांबायचे होते." तेही आम्ही ऐकले नव्हते.

घरी जेवावयास बसण्याच्या जागा बदलल्या आहेत. आमच्या उजव्या हाताची जागा धाकट्याची होती. तेथे आता त्याची आई बसते. त्यावरून तो दोन दिवस रुसला होता.