रक्ताचा थेंब आणि संमतीचा प्रश्न

नाशिक शहर सोडून पेठच्या रस्त्याने पश्चिमेस जाऊ लागले म्हणजे द्राक्षांचे मळे मागे पडतात आणि डोंगरउतारावरील नागली-वरईची शेते दिसू लागतात. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, कळवण या तालुक्यांत कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल इत्यादी जमातींची मोठी वस्ती आहे. अशा भागातील आश्रमशाळांतून आणि पाड्यांतून मुलामुलींच्या बोटांस सुई टोचून रक्ताचा एकेक थेंब घेतला जातो. सिकलसेल या आनुवंशिक रोगाची ही तपासणी होय. महाराष्ट्राच्या सिकलसेल नियंत्रण कार्यक्रमात नाशिक जिल्ह्याचा समावेश आहे. थेंब लहान खरा. परंतु त्याच्या पाठीमागून येणारे नीतीचे प्रश्न लहान नाहीत.

या रोगात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकून असह्य वेदना होतात, आणि पेशी लवकर नष्ट झाल्याने रक्तक्षय जडतो. शिकागो येथील डॉ. हेरिक यांनी 1910 साली या पेशींचे प्रथम वर्णन केले. 1949 साली पाउलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमोग्लोबिनच्या रेणूतच दोष असल्याचे दाखविले, आणि 1952 साली निलगिरीतील आदिवासींमध्ये हा दोष आढळल्याचे प्रसिद्ध झाले. आई व बाप या दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच हा रोग होतो. एकाच बाजूने आले तर ती व्यक्ती केवळ वाहक असते. ती सामान्यतः निरोगी आयुष्य जगते. मात्र दोन वाहकांचा विवाह झाल्यास त्यांच्या प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक इतका असतो.

येथेच या तपासणीचे वेगळेपण आहे. एखाद्याचा ताप हा त्याचा एकट्याचा असतो. परंतु सिकलसेलचा दोष एका मुलीत आढळला की तिच्या आईबापांविषयी आणि भावंडांविषयीही काही कळून चुकते. थेंब एकीचा, पण वार्ता साऱ्या कुळाची! मग संमती कोणाची घ्यावयाची, आणि कळलेले कोणास सांगावयाचे?

ग्रीस देशातील ऑर्कोमेनोस या गावाचा अनुभव या बाबतीत बोधप्रद आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे सर्वांची तपासणी करून वाहकांनी वाहकांशी विवाह करू नये असा उपदेश करण्यात आला. हेतू चांगलाच होता. काही वर्षांनी पाहतात तो वाहकांना कमीपणा आलेला, कित्येकांनी आपली स्थिती लपविलेली, आणि वाहकांचे आपापसातील विवाह पूर्वीसारखेच चाललेले! समाजाची समजूत न घालता दिलेले ज्ञान लोकांच्या माथी डाग होऊन बसले.

सुरगाण्याच्या एखाद्या मुलीच्या हाती ‘वाहक’ असे लिहिलेले कार्ड पडले, तर तिच्या सोयरिकीचे काय होईल? मुलाची तपासणी कोणी विचारणार नाही आणि दोष मात्र मुलीच्या पदरी येईल, अशी भीती अनाठायी नाही. म्हणून मुलगा व मुलगी या दोघांची तपासणी, निकालाची गुप्तता, आणि घरच्या बोलीत सावकाश दिलेला सल्ला, ही तपासणीची अंगेच मानली पाहिजेत.

दुसरा प्रश्न घेतलेल्या रक्ताच्या उपयोगाचा. अमेरिकेत ग्रँड कॅनियनमध्ये हवासुपाई नावाची लहानशी जमात राहते. 1990 पासून ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी या लोकांचे रक्त घेतले. मधुमेहाचे कारण शोधले जाईल अशी लोकांची समजूत होती. पुढे तेच रक्त मनोविकाराच्या आणि जमातीच्या मूळ स्थलांतराच्या अभ्यासासही वापरले गेल्याचे त्यांना कळले. आपण या दरीतच उत्पन्न झालो अशी ज्यांची श्रद्धा, त्यांच्याच रक्ताने ती खोटी ठरविण्याचा हा उद्योग त्यांना विश्वासघात वाटला. 2010 साली विद्यापीठाने सात लक्ष डॉलर देऊन तडजोड केली आणि उरलेले रक्त परत केले.

संशोधकांचीही बाजू आहे. साठविलेल्या नमुन्यांतून पुढे अनपेक्षित आणि उपकारक शोध लागतात. प्रत्येक वेळी दारोदार जाऊन विचारावयाचे तर काम खोळंबते. हे खरे, परंतु ज्याचे रक्त त्याला न विचारण्याची सवलत या अडचणीतून निघत नाही. 1947 ची न्यूरेंबर्ग संहिता, 1964 ची हेलसिंकी घोषणा, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे यांचा रोख एकच आहे: समजून-उमजून दिलेली संमती, आणि ती मागे घेण्याची मोकळीक. न वाचता येणाऱ्या कागदावरील अंगठा म्हणजे संमती नव्हे.

तिसरा प्रश्न फळाचा. 2023 च्या अखेरीस प्रथम ब्रिटनने व नंतर अमेरिकेने सिकलसेलवरील जनुक-संपादनाच्या उपचारास मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत एका रोग्यास बावीस लक्ष डॉलर ठरली. जगभरच्या रोग्यांच्या रक्तावरून हे ज्ञान वाढत आले. पण त्याचे फळ डोंगरातील पाड्यापर्यंत केव्हा पोहोचणार? तोवर हायड्रॉक्सियुरिया हे जुने व स्वस्त औषध तरी जवळच्या आरोग्यकेंद्रात नियमित मिळावे, ही मागणी अवाजवी नाही. जेथून रक्त नेले तेथे निदान औषध परत यावे, हा साधा व्यवहार आहे.

भारत सरकारने 2023 साली सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली असून 2047 हे तिचे उद्दिष्टवर्ष आहे. अशा मोहिमेचे यश किती थेंब गोळा झाले यावर मोजण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु हात पुढे करणाऱ्या मुलीला हा थेंब कशासाठी घेतला हे कळले काय, आणि निकालानंतर तिच्या दाराशी कोणी पुन्हा गेले काय, या दोन प्रश्नांची उत्तरेही त्याच नोंदवहीत लिहिली गेली पाहिजेत.