पऱ्हाटीची धग कोणाच्या मालकीची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



डेन्मार्कमधील मार्स्टल हे एका बेटावरील लहानसे गाव. तेथील घरांना ऊब पुरविणारी संस्था ऊब घेणाऱ्यांच्याच मालकीची आहे. सूर्याच्या उन्हाने तापविलेले पाणी नळांतून घरोघर जाते. त्याच देशातील अनेक खेड्यांत गव्हाचा पेंढा जाळून हेच काम होते. तेथे 1979 मध्ये उष्णतापुरवठ्याचा कायदा झाला आणि उष्णता विकून नफा मिळवावयाचा नाही, खर्चाइतकीच किंमत घ्यावयाची, असे तत्त्व त्या व्यवस्थेने पत्करले. भांडवलशाही देशात हे घडू शकले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

परंतु ही कथा उमरखेडला जशीच्या तशी सांगणे म्हणजे वैशाखात शेकोटीचे निमंत्रण देणे होय. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पैनगंगेच्या काठच्या या तालुक्यात घरे उबदार करण्याचा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो चुलीचा आणि त्याहूनही हळदीच्या कढईचा. उमरखेड, महागाव, पुसद आणि नदीपलीकडील हिंगोली-नांदेडचा पट्टा हळद पिकवितो. काढलेली हळद शिजविल्याखेरीज बाजारात जात नाही. पूर्वी लोखंडी कढईत, वर हळदीचाच पाला व गोणपाट टाकून ती शिजवीत. आता वाफेचे कुकर आले आहेत. ज्याच्याजवळ कुकर नाही तो भाड्याने आणतो आणि हंगामाच्या ऐन घाईत मालक सांगेल तो दर देतो. कढई असो वा कुकर, खाली जळते ते बहुधा लाकूडच.

त्याच दिवसांत शेजारच्या वावरात दुसरा जाळ दिसतो. कापसाची वेचणी संपली की पऱ्हाट्या उपटून बांधावर पेटवून दिल्या जातात. 2017 साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कपाशी उद्ध्वस्त केली. तेव्हापासून फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या वेळेवर काढून त्यांची विल्हेवाट लावा, हा सल्ला कृषी खाते दरवर्षी देत आले आहे. सल्ला योग्यच आहे. मात्र विल्हेवाट म्हणजे आगपेटीची काडी, एवढाच अर्थ शेतकऱ्याच्या पदरी पडतो.

थोडे गणित करून पाहावे. एकरभर कपाशीतून साधारण 8 क्विंटल वाळलेली पऱ्हाटी निघते. एक क्विंटल ओली हळद उकळीपर्यंत तापविण्यास लागणारी उष्णता शास्त्राप्रमाणे दोन किलोंहून कमी पऱ्हाटीत असते. पण भट्टी, धूर आणि उघडी वाफ यांत बहुतेक धग वाया जाते. म्हणून क्विंटलमागे 10 किलो धरू. एकरी 80 क्विंटल ओल्या हळदीला 8 क्विंटल पऱ्हाटी पुरते. याचा अर्थ, एका एकराची कपाशी एका एकराची हळद शिजवू शकते. शिवाय दोन्ही गोष्टी एकाच तालुक्यात आणि जवळजवळ एकाच हंगामात हाताशी येतात. उसाच्या चिपाडावर वाफ तयार करण्याचे तंत्र तर पोफाळीच्या साखर कारखान्यामुळे या भागाला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे.

तेव्हा गावोगाव किंवा चार-पाच गावांमिळून सहकारी वाफकेंद्र का निघू नये? 1960 च्या सहकारी संस्था कायद्यात त्यासाठी पुरेशी वाट आहे. बाष्पकाची रीतसर तपासणी झालेली असावी, शिजविण्याचा दर खर्चावर ठरावा आणि नंबर चिठ्ठीने लागावा, म्हणजे दोन एकरवाल्याची हळद वीस एकरवाल्याच्या मागे ताटकळत राहणार नाही.

येथपर्यंत सारे गोड आहे. खरी अडचण पुढे आहे आणि ती टाळून केलेला कोणताही ठराव कागदावरच राहील.

पऱ्हाटी कोणाचीच नाही, हे खरे नव्हे. ती उपटावयास येणाऱ्या मजूर बाया संध्याकाळी डोक्यावर भारा घेऊन घरी जातात. तो भारा मजुरीच्या हिशोबात कोठेही लिहिलेला नसतो, पण भूमिहीनाची चूल त्यावर चालते. 2016 च्या उज्ज्वला योजनेने घरात सिलिंडर आले हे खरे. मात्र ते पुन्हा भरण्याचे पैसे हाताला काम असेल तेव्हाच असतात. पऱ्हाटीच्या कांड्या पाडणारा व्यापारी ज्या दिवशी वावरात ट्रॅक्टर उभा करतो, त्या दिवशी या भाऱ्याला किंमत येते आणि बाईच्या डोक्यावरून तो नाहीसा होतो. हेच काम सहकारी संस्थेने केले, तर बाईच्या चुलीच्या दृष्टीने फरक कोणता? जमीनवाल्यांची सहकारी संस्था ही भूमिहीनांसाठी आपोआप सहकारी होत नाही. महाराष्ट्राला हे नव्याने शिकावयाचे कारण नाही.

शेजारच्या पुसदला 10 जुलै 1930 रोजी बापूजी अणे यांनी जंगल सत्याग्रह केला, तो गवत कापून. साध्या गवतावर हक्क कोणाचा, हाच तेथे प्रश्न होता. आज तोच प्रश्न पऱ्हाटीविषयी विचारला पाहिजे.

कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यातल्या पुरा या खेड्यात बंगळूरच्या विज्ञान संस्थेतील अमूल्य रेड्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सामुदायिक गोबरगॅसचा प्रयोग केला. गावातील शेण साऱ्या चुलींना पुरणारे नव्हते. तेव्हा हट्ट सोडून 1987 पासून त्याच गॅसवर इंजिन चालवून पिण्याचे पाणी आणि दिवे दिले गेले. शेण आणून देणाऱ्याला किलोमागे 2 पैसे रोख मिळत आणि खताची मळीही परत मिळे. आणणाऱ्या प्रामुख्याने बाया व मुले होती, त्यामुळे पैसा त्यांच्या हातात पडे. पुऱ्यात यंत्राहून महत्त्वाचा ठरला तो हा हिशोब.

उमरखेडच्या केंद्रातही हिशोब याच टोकापासून मांडावा लागेल. चुलीपुरता भारा आधी, बाष्पकासाठी उरेल ते नंतर. केंद्रावर आणलेल्या प्रत्येक भाऱ्याचे वजन आणणाऱ्या बाईच्या नावावर लिहिले जावे, रोख पैसे तिलाच मिळावेत आणि त्यातून तिचा भाग उभा राहावा. संचालक मंडळात तिच्या जागा उपविधीतच लिहून ठेवाव्यात, सौजन्यावर सोडू नयेत.

आणखी एक गोष्ट. हळदीचा हंगाम संपला की बाष्पक उरलेले महिने थंड पडेल. वसतिगृह, रुग्णालय यांना गरम पाणी देता येईल, पण त्याने सारा खर्च निघेल अशी आशा बाळगू नये. शिजविण्याच्या दरातच हे धरावे लागेल. लातूरच्या दुग्धशाळेत 2006 साली सूर्याची उष्णता एकवटणारी मोठी तबकडी दुधाच्या पाश्चरीकरणासाठी बसविली गेली. फाल्गुन-चैत्रातील ऊन हळदीलाही चालेल. मात्र तिचे भांडवल गावाच्या आवाक्याबाहेरचे आहे, ते शासनानेच घातले पाहिजे. तोवर पऱ्हाटी आहे.

पऱ्हाट्या उपटण्याचे काम वेचणी संपताच सुरू होते. भाऱ्याचा दर, वजनकाट्याची जागा आणि उपविधीतील ती कलमे यांवर गावसभांतून चर्चा व्हावयाची असेल, तर ती दिवाळीच्या आतच झाली पाहिजे.