क्षेमाचा कागद



आम्ही भाषापंडित नव्हे. गोदीकामगारांत आयुष्य गेले. तेथे हाँगकाँगच्या खलाशांच्या तोंडून चार कँटोनीज शब्द कानी पडले, तेच आज सांगावयाचे आहेत. मृत्युपत्राला तेथे कायद्याच्या भाषेत 'वाय-जुक' म्हणतात. घरात मात्र म्हणतात 'पिंग-ऑन-जी', म्हणजे क्षेमाचा कागद. मरणाचे नाव तोंडातून निघावयास नको! आपल्याकडे कामगाराला 'मृत्युपत्र करून ठेव' म्हटले, की आम्ही जणू तिरडीच घेऊन आलो आहोत, असा तो पाहतो.

इस्टेटीला शब्द 'सन-गा'. 'सन' म्हणजे देह, 'गा' म्हणजे घर. वारसांचे भांडण लागले, की याच दोहोंची ओढाताण.

पण गोड शब्दाला भुलू नये. प्रेतापुढे निशाण धरणे आणि प्रेत धुण्यासाठी नाणे टाकून पाणी 'विकत' घेणे, हा मान मुलाचा. आपल्या मडके धरणाऱ्यासारखाच. लग्न झालेली मुलगी म्हणजे सांडलेले पाणी, अशी म्हणच आहे. १९७१ च्या कायद्याने हाँगकाँगमध्ये मृत्युपत्र नसल्यास मुलामुलींना सारखा वाटा मिळाला. पण न्यू टेरिटरीज या ग्रामीण भागातील जमीन वगळली. तेथे रूढी चाले. मुलगा नसेल तर जमीन भाऊबंदांकडे जाई, मुलीकडे नाही. अखेर बायका रस्त्यावर आल्या, गावच्या गाण्यांत नवे शब्द घालून त्यांनी कैफियत मांडली. गावपुढाऱ्यांची 'ह्युंग यी कुक' ही संस्था कडाडून विरोधात गेली. तरी जून १९९४ मध्ये क्रिस्टिन लो यांच्या दुरुस्तीसह कायदा झाला. कुळाच्या सामाईक जमिनी मात्र तशाच राहिल्या.

योगायोग असा, की वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हिस्सा देणारी महाराष्ट्राची दुरुस्ती त्याच महिन्याच्या २२ तारखेपासून लागू झाली. आधी लग्न झालेल्या मुली तीतून सुटल्या; त्यांना २००५ पर्यंत थांबावे लागले. आणि मग आपणही एक कागद काढला : हक्कसोडपत्र. 'ताई, नुसती सही', असे भाऊ म्हणतो, आणि माहेर तुटू नये म्हणून ती सही करते.

आमच्या बहिणीनेही केली. कागद आम्हीच पुढे केला होता. नोंदलेला कागद सहजी मागे घेता येत नाही. म्हणून आता आमच्या वाट्यातून तिच्या नावे बक्षीसपत्र करावयाचे आहे. मुद्रांकाचा खर्च आमचा.