पानांवरील विश्वास

पत्त्यांचा खेळ म्हटला कीं, बावन्न पानांचा एक जोड आणि त्याभोंवतीं बसलेलीं चार माणसें असें चित्र डोळ्यांसमोर उभें राहतें. पानें सर्वांच्या ओळखीचीं असतात. कोणाच्या वांट्याला कोणतीं येतील, एवढेंच काय तें अज्ञात. जपानांतून आलेल्या ‘यु-गि-ओ’ नांवाच्या खेळांत ही मांडणीच बदललेली आहे. येथें दोघे समोरासमोर बसतात, आणि प्रत्येकजण आपला जोड घरूनच घेऊन येतो. आजवर निघालेल्या हजारों निरनिराळ्या पानांतून तो त्यानें स्वतः निवडलेला असतो. डाव मांडण्यापूर्वींच अर्धा खेळ होऊन गेलेला असतो, असें म्हटलें तरी चालेल.

स्वतःचा जोड स्वतः रचण्याची ही रीत रूढ झाली ती रिचर्ड गारफील्ड ह्या अमेरिकन गणितज्ञाच्या ‘मॅजिक’ ह्या खेळामुळें. तो १९९३ सालीं निघाला. पुढें १९९६ मध्यें काझुकी ताकाहाशी ह्या जपानी चित्रकारानें ‘शोनेन जंप’ ह्या साप्ताहिकांत ‘यु-गि-ओ’ ही चित्रकथा सुरू केली. नांवाचा अर्थ ‘खेळांचा राजा’. तींत नाना प्रकारचे खेळ येत, आणि पत्त्यांचा हा खेळ तर एकदांच येऊन जावयाचा होता. परंतु वाचकांनीं त्याविषयीं इतकी उत्सुकता दाखविली कीं, तोच कथेचा कणा होऊन बसला. १९९९ मध्यें कोनामी ह्या कंपनीनें तीं पानें खरोखरीच बाजारांत आणिलीं. आणि २००० सालीं सुरू झालेल्या ॲनिमेनें, म्हणजे जपानी चलच्चित्रमालेनें, त्यांची कीर्ति देशोदेशींच्या मुलांपर्यंत पोंचविली.

त्या मालेच्या पहिल्याच भागांत एक प्रसंग आहे. युगी ह्या लाजाळू शाळकरी मुलाच्या आजोबांचें खेळांचें दुकान असतें. त्यांच्याजवळ निळ्या डोळ्यांच्या श्वेत ड्रॅगनचें एक अति दुर्मिळ पान आहे. काइबा नांवाचा श्रीमंत मुलगा त्यासाठीं हवें तें द्यावयास तयार होतो. परंतु तें पान एका जिवलग मित्राची भेट असल्यामुळें आजोबा तें विकीत नाहींत. शेवटीं काइबा त्यांना डावांत हरवितो, पान मिळवितो आणि तेथल्या तेथें फाडून टाकतो. असलीं तीन पानें त्याच्यापाशीं आधींच असतात. एकाच नांवाचीं तीनांहून अधिक पानें जोडांत ठेवतां येत नाहींत. म्हणजे चौथें त्याच्या कामाचें नव्हे, मात्र दुसऱ्याच्या हातीं राहिलें तर त्याच्यावरच उलटणारें! मग आजोबांचाच जोड घेऊन युगी काइबाशीं लढावयास बसतो. पराभव अगदीं जवळ आला असतां तो पानांवर विश्वास ठेवून हात पुढें करतो, आणि एक्झोडिया ह्या महाकाय प्राण्याचें उरलेलें पांचवें पान नेमकें त्याच्या हातीं येतें. पांचही पानें एकत्र आलीं कीं जय निश्चित.

हा प्रसंग पाहून मोहित झालेला मुलगा खेळ शिकावयास बसतो, तेव्हां त्याला पहिला धक्का बसतो तो नियमांचा. प्रत्येकापाशीं आरंभीं ८००० गुण असतात; ते शून्यावर आणले कीं समोरचा हरला. जोड कमींत कमी ४० आणि जास्तींत जास्त ६० पानांचा. आरंभीं पांच पानें हातांत घ्यावयाचीं आणि पुढें प्रत्येक पाळीला एक उचलावयाचें. पानांचे तीन वर्ग : लढणारे प्राणी, मंत्र आणि सापळे. सापळा पटावर पालथा घालून ठेवावयाचा. त्याच पाळींत तो सहसा उलटतां येत नाहीं. प्राण्यांना पायऱ्या असतात. चौथ्या पायरीपर्यंतचा प्राणी सरळ पटावर येतो. पांचव्या किंवा सहाव्या पायरीच्या प्राण्यासाठीं आपल्याच एका प्राण्याचा, आणि सातव्या व त्यावरील पायरीसाठीं दोघांचा बळी द्यावा लागतो. साध्या रीतीनें एका पाळींत एकच प्राणी आणतां येतो.

श्वेत ड्रॅगनचें बळ ३०००, परंतु पायरी आठवी. मालेच्या आरंभींच्या भागांत तो बळी न घेतांच अवतरतो. टेबलावर तसें होत नाहीं. हौसेनें जोडांत ड्रॅगनच ड्रॅगन भरणाऱ्या नवशिक्याची स्थिति अशी होते कीं, हातांत तीन बलाढ्य प्राणी, पटावर एकही नाहीं, आणि समोरच्याचा १५०० बळाचा एखादा क्षुद्र जीव दर पाळीला येऊन गुण घेऊन जातो. सहा फटक्यांत डाव आटोपतो! मग लहान प्राण्यांचें महत्त्व कळूं लागतें. दुबळा प्राणी बचावाच्या पवित्र्यांत आडवा ठेवला, तर तो मेला तरी त्याच्या धन्याचे गुण सहसा शाबूत राहतात, हेंही उमगतें.

दुसरा धडा वाचनाचा. इंग्रजी पानांवरील मजकूर २०११ पासून एका ठराविक शिस्तीनें लिहिला जातो. अपूर्णविरामाच्या आधीं पान वापरण्याची अट असते. अर्धविरामाच्या आधीं द्यावयाची किंमत येते आणि नंतर तिचें फळ. प्रतिस्पर्ध्यानें ते फळ हाणून पाडलें, तरी दिलेली किंमत परत मिळत नाहीं. शाळेंत विरामचिन्हांचा कंटाळा करणारीं मुलें येथें एका अर्धविरामावर तासभर वाद घालतात. शिवाय एकानें पान वापरलें कीं दुसऱ्याला उत्तर देण्याची संधि असते, त्या उत्तराला पहिल्याचें प्रत्युत्तर. अशी सांखळी लांबत जाते आणि उलगडते मात्र शेवटाकडून. जें सर्वांत शेवटीं बोललें गेलें, तें सर्वांत आधीं घडतें. म्हणून समोरच्याला थांबून विचारावेंच लागतें, ‘तुझें कांहीं उत्तर आहे काय?’ आपलेंच घोडें पुढें दामटणाऱ्याला ही संवय सर्वांत कठीण जाते.

तिसरा धडा हिशेबाचा. ४० पानांच्या जोडांत एखादें पान एकच असेल, तर तें पहिल्या पांचांत येण्याचा संभव शेंकडा १२.५. तेंच तीनदां घातलें तर शेंकडा सुमारें ३४. जोड फुगवून ६० पानांचा केला, तर तीनदां घालूनही तो शेंकडा सुमारें २३ वर उतरतो. एक्झोडियाचीं पांच पानें ४० च्या जोडांत एकेकच असलीं, तर तीं पहिल्याच हातांत मिळून येण्याचा संभव ६,५८,००८ मध्यें एक! म्हणून जाणता खेळाडू जोड शक्य तों ४० पानांचाच ठेवतो. काय घालावें ह्यापेक्षां काय गाळावें, हेंच त्याला अधिक छळतें. आवडतें पण निरुपयोगी पान बाजूला ठेवतांना मन दुखावतेंच.

येथेंच पैशाचा प्रश्न येतो. पानें बंद पुडक्यांतून विकलीं जातात; आंत काय निघेल तें फोडल्यावांचून कळत नाहीं. ‘पुढच्या पुडक्यांत निघेलच’ ह्या आशेनें मुलें खाऊचे पैसे घालवितात, आणि ह्या आशेलाही तीं विश्वास हेंच नांव देतात. घरच्या वडील माणसांनीं सावध राहावें तें नेमकें येथें. शिकावयास तयार बांधलेला एक जोड पुरतो. ज्या पानाची खरोखर गरज आहे, तें सुटें विकत घेणें किंवा मित्राशीं अदलाबदल करून मिळविणें, हाच शहाणपणाचा मार्ग.

मग युगीचा तो विश्वास खोटा म्हणावयाचा काय? तसें नाहीं. युगीनें ज्या जोडाला हात घातला, तो आजोबांनीं मोठ्या मायेनें जुळविलेला होता. महिनाभर हरून, मोजून, गाळून ज्यानें आपलीं चाळीस पानें ठरविलीं, तोहि कठीण वेळीं हात पुढें करतो. परंतु खालीं काय उरलें आहे आणि तें तेथें कां आहे, हें त्याला पक्कें ठाऊक असतें. हवें तें पान न आलें, तरी तो जोडाला शिव्या देत नाहीं. पानें गोळा करतो, पिसतो आणि समोरच्याला विचारतो, ‘तो सापळा तूं केव्हांपासून धरून ठेवला होतास?’ समोरचा हंसून आपला हात उघडा करून दाखवितो. काइबापाशीं तीन ड्रॅगन होते. असें दाखविणारा मात्र त्याच्यासमोर कोणी नव्हता.