तिवई घेताना आधी पाय बघा

कुणी भाकऱ्या थापत असाल, कुणी शेंगा फोडत असाल, तर हातातलं काम थांबवू नका. कान तेवढे इकडे द्या. आज आम्ही एका साध्या वस्तूबद्दल बोलणार आहोत. मोबाइल नाही तर कॅमेरा ज्याच्यावर ठेवून फोटो काढतात तो तीन पायांचा स्टँड, म्हणजे ट्रायपॉड. आमच्या गटात त्याला सगळ्या जणी तिवई म्हणतात, तेव्हा आम्हीही तेच म्हणू.

तुम्ही म्हणाल, बचत गटाला तिवई कशाला? ती तर लग्नातल्या फोटोवाल्याची वस्तू. आम्हालाही तसंच वाटायचं. आमचा गट दहा जणींचा. गोधड्या शिवतो, घोंगड्या विकतो, उन्हाळ्यात कुरडया-सांडगे करतो. पूर्वी माल आठवडी बाजारात जायचा. आता निम्मं गिऱ्हाईक मोबाइलवर फोटो बघून माल मागवतं. फोटो चांगला असेल तर ऑर्डर येते, नाही तर पुढचं बोलणंही होत नाही.

आमचे फोटो हलायचे. त्यातून घोंगडी काळी आणि माळवदाच्या घरात उजेड कमी. उजेड कमी असला की मोबाइलचा कॅमेरा जास्त वेळ डोळा उघडा ठेवतो, आणि तेवढ्या वेळात हात जरासा जरी हलला तरी सगळं पुसट होतं. विणीचा एक धागा दिसत नाही. पुण्याच्या एका बाईंनी सरळ विचारलं, “ताई, ही लोकर आहे का नुसतं काळं कापड?” तेव्हा ठरवलं, आता काहीतरी आधार घ्यायचाच.

मग आम्ही पहिली चूक केली. तालुक्याच्या बाजारात 350 रुपयांना एक तिवई मिळाली. चकचकीत, उंच, हातात घेतली तर काडीसारखी हलकी. घेणारणीला वाटलं, स्वस्तात काम झालं. आठच दिवसांनी खळ्यावर गोधड्या मांडून व्हिडिओ काढत होतो. वाऱ्याची एक झुळूक आली. तिवई आडवी झाली आणि मोबाइल तोंडावर दगडावर पडला. काच तडकली.

मोबाइल गटाचा नव्हता. आमच्यातल्या एकीच्या मुलीचा होता, बारावीतल्या. तिचा अभ्यास त्याच्यावर चालायचा. दुरुस्तीचे 2,200 रुपये सांगितले. त्या माउलीने तोंडातून शब्द काढला नाही, पण पुढच्या बैठकीला ती आलीच नाही. मैत्रिणींनो, पैशांपेक्षा ते जास्त लागलं. गट मोडतो तो मोठ्या भांडणाने नाही, असल्या न बोललेल्या गोष्टींनी मोडतो.

मग आम्ही खास बैठक घेतली आणि तिला घरी जाऊन बोलावून आणलं. एक जण म्हणाली, “वस्तू जिची, जोखीम तिची.” आमच्या अक्का, वयाने सगळ्यांत मोठ्या, म्हणाल्या, “अगं, फोटो तिच्या गोधडीचा होता का गटाच्या? काम गटाचं असेल तर नुकसानही गटाचं.” बराच वेळ वाद झाला. शेवटी ठराव झाला, दुरुस्ती विक्रीच्या नफ्यातून करायची, बचतीच्या पैशाला हात लावायचा नाही. बचत आजारपणाला आणि बी-बियाण्याला असते, ती तशीच राहिली पाहिजे. दुसरा ठराव, नवी तिवई घ्यायची, पण या वेळी तिघींनी दुकानात जाऊन, हाताने तपासून घ्यायची. त्या तपासणीत आम्ही जे शिकलो ते आता सांगतो.

पहिली गोष्ट, तीनच पाय का? चार पायांचं स्टूल उंचसखल जमिनीवर डुगडुगतं, खाली कागदाची घडी घालावी लागते. तीन धोंड्यांची चूल कुठेही मांडा, डुगडुगणार नाही. तीन टेकू नेहमी जमिनीला धरूनच बसतात. म्हणून शेतात, बांधावर, नदीकाठी तिवईच लागते.

दुसरी गोष्ट, पाय. तिवईचा पाय एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा असतो. कुणाच्या पायाला तीन टप्पे, कुणाच्या चार, कुणाच्या पाच. टप्पे जितके जास्त तितकी तिवई घडी करून लहान होते, पण शेवटची नळी बारीक होत जाते आणि तीच जमिनीवर उभी असते. म्हणून फार टप्प्यांची घेऊ नका. तीन टप्प्यांची मजबूत, पण लांबडी राहते. एसटीत मांडीवर घेऊन बसायची असेल तर चार टप्प्यांची बरी. आम्ही चार टप्प्यांची घेतली. घडी केली की साधारण दीड फूट होते, बाजाराच्या पिशवीत उभी राहते.

दुकानात तिवई पूर्ण उभी करा. सगळे पाय खाली ओढा. मग वरच्या टोकावर तळहात ठेवून हळूच खाली दाबा. पाय आत सरकला तर ती घेऊ नका. नंतर डोकं धरून पिळल्यासारखं करा. थोडी लवचीकता सगळ्याच तिवयांत असते, पण सगळं अंगच पिळत असेल तर तीही नको. दुकानदार घाई करील, म्हणेल, “ताई, चांगला माल आहे.” आपण मडकं घेताना बोटाने वाजवून घेतो, तेव्हा कुंभार रागावतो का? मग इथे लाजायचं कशाला?

तिसरी गोष्ट, पायांच्या कड्या. काही तिवयांना खटका असतो, वर उचलला की पाय सुटतो, दाबला की बसतो. काहींना पिळायची कडी असते. खटका बंद आहे की उघडा ते लांबूनही दिसतं, म्हणून नवख्या हाताला तो सोपा. पण तो धातूचा नाही तर जाड, दणकट प्लॅस्टिकचा हवा. पातळ प्लॅस्टिकचा पहिल्यांदा मोडतो. पिळायच्या कडीत माती-वाळू गेली तर करकरते, उघडून पुसावी लागते. दोन्ही चालतात. आम्ही खटक्याची घेतली, कारण आमच्यात दोघींना संधिवात आहे, पिळणं जमत नाही.

चौथी गोष्ट, मधला दांडा. तिवईच्या मधोमध एक दांडा असतो, तो वर ओढून उंची वाढवता येते. दिसायला सोयीचं, पण खरं पाहता दांडा वर गेला की तीन पायांची तिवई एका पायावर उभी असल्यासारखी होते. आमची पहिली तिवई पडली तेव्हा दांडा पूर्ण वर होता. म्हणून आधी पाय लांब करायचे, त्यातही वरच्या जाड नळ्या आधी काढायच्या. दांडा अगदीच गरज पडली तर. तिवई घेताना उंची बघायची ती दांडा खाली असताना बघायची. डब्यावर मोठा आकडा लिहिलेला असतो तो बहुधा दांडा वर ओढलेला असतो.

त्या दांड्याखाली आकडा आहे का बघा. वारा असला की त्या आकड्याला पिशवी अडकवायची, पिशवीत दोन दगड नाही तर पाण्याची भरलेली बाटली. पिशवी फार लोंबकळत ठेवू नका, वाऱ्याने झोके घेते आणि तिवईलाही हलवते. जमिनीला जेमतेम टेकेल अशी ठेवा.

पाचवी गोष्ट, पायांना मधून जोडणाऱ्या पट्ट्या. स्वस्त तिवयांत तिन्ही पाय मधल्या दांड्याला पट्ट्यांनी जोडलेले असतात. सपाट फरशीवर ते ठीक. पण बांधावर एक पाय वर, एक खाली ठेवायचा असेल तर पट्ट्या अडवतात. ज्यांना रानात काम करायचंय त्यांनी पाय वेगवेगळे पसरतील अशीच घ्यावी. खाली रबरी बूट घट्ट बसलेले आहेत ना, तेही बघा.

सहावी गोष्ट, डोकं. म्हणजे वरचा भाग, जिथे कॅमेरा बसतो. एक प्रकार गोळ्याचा. एक स्क्रू सैल केला की कुठेही वळतो, घट्ट केला की थांबतो. आकाराने लहान, फोटोला चांगला. दुसरा प्रकार दांडीचा. दांडी धरून डावी-उजवीकडे, वर-खाली संथ फिरवता येतं, व्हिडिओला तो सोपा जातो. आम्ही गोधडी शिवण्याचे व्हिडिओ काढतो म्हणून दांडीचा घेतला. कोणताही घ्या, मोबाइल लावून पक्का आवळा आणि थोडा वेळ बघत उभ्या राहा. डोकं हळूहळू खाली मान टाकत असेल तर ते कामाचं नाही.

डोक्यावर एक छोटी चौकोनी पट्टी असते, ती काढून कॅमेऱ्याला लावतात. ती हरवली तर तिवई असून नसल्यासारखी. आम्ही ती कधीच सुटी ठेवत नाही. तिच्यावरचा स्क्रू पाव इंची असतो. सगळे साधे कॅमेरे आणि मोबाइलचे चिमटे त्याच मापाचे असतात, म्हणून चिमटा मोडला तरी नुसता चिमटा वेगळा मिळतो. चिमटा मात्र घट्ट स्प्रिंगचा नाही तर स्क्रूने आवळायचा घ्या. मोबाइल कव्हरसकट बसवून, उलटा करून बघा. अर्थात खाली दुसरीचा हात धरून.

सातवी गोष्ट, वजन. दोन वजनं असतात. एक तिवईचं स्वतःचं, दुसरं ती पेलते ते. मोबाइल साधारण 200 ग्रॅमचा, साधा कॅमेरा लेन्ससकट पाऊण किलोच्या आसपास. डब्यावर जे लिहिलंय त्याच्या निम्मंच वजन ठेवायचं, असा आमचा हिशेब. आणि तिवईचं स्वतःचं वजन एक ते दीड किलो असावं. त्याहून फार हलकी वाऱ्यात टिकत नाही, त्याहून जड घरीच राहते. कार्बन फायबरच्या हलक्या आणि मजबूत असतात, पण त्यांची किंमत आपल्याला नको. ॲल्युमिनियमची आपल्याला पुरते.

आमची 1,900 रुपयांना पडली. दहा जणींत वाटली तर 190 रुपये. आणि आधीचे 350 अधिक दुरुस्तीचे 2,200 मिळवले तर स्वस्त तिवई आम्हाला 2,550 रुपयांना पडली होती. हा हिशेब सचिवताईंनी वहीत लिहून ठेवलाय, पुढच्या कुठल्याही खरेदीला तो काढून वाचतो.

आता वापराचं थोडं. तिवईवर मोबाइल लावून बोटाने बटण दाबलं तर तेवढ्यानेही फोटो हलतो. कॅमेऱ्यात टायमर असतो, 3 सेकंदांचा लावा आणि हात बाजूला घ्या. बऱ्याच मोबाइलला वायरचा हेडफोन लावला तर त्याच्या आवाजाच्या बटणाने फोटो निघतो. खाली मांडलेल्या वस्तूचा फोटो घेताना मोबाइल पुढे झुकतो, तेव्हा एक पाय त्याच बाजूला, मोबाइलच्या खाली येईल असा ठेवा. उतारावर पाय कमी-जास्त करून मधला दांडा ओळंब्यात सरळ ठेवा. आणि वारा असताना कितीही चांगली तिवई असली तरी एकीने जवळ उभं राहायचं. लेकराला पाळण्यात ठेवलं तरी लक्ष आपलं असतंच की.

घरी आल्यावर कोरड्या फडक्याने पाय पुसा. नदीच्या ओल्या वाळूत गेली असेल तर सगळे टप्पे ओढून पुसून, वाळवून मग घडी करा. तेल लावू नका, तेलाला धूळ चिकटते.

एक गोष्ट खरी सांगतो. जिला घरातच, ओट्यावर चार मसाल्यांच्या पुड्यांचे फोटो काढायचेत तिने लगेच खर्च करू नये. दोन विटा आणि तांदळाची लहान पिशवी, तिच्यावर मोबाइल टेकवला की काम भागतं. आम्ही कितीतरी दिवस तसंच केलं. फिरतीचं काम, व्हिडिओचं काम, रानातलं काम असेल तरच तिवई.

आमच्याकडे आता तिवई कुणी नेली, कधी आणली याची नोंद होते. मोबाइल जिचा असेल तिचं नाव लिहितो, आणि कामात मोडला तर खर्च गटाचा, हे पहिल्या पानावर लिहिलंय. ती माउली आता फोटोचं काम बघते. तिच्या मुलीनेच आम्हाला टायमर लावायला शिकवलं. पुण्याच्या त्या बाईंना मागच्या महिन्यात परत फोटो पाठवला. विणीचा धागा न् धागा दिसत होता. त्यांनी दोन घोंगड्या मागवल्या.

तर मैत्रिणींनो, तुमच्या गटात अशी खरेदी करायची असेल तर आधी बैठकीत दोन प्रश्न सोडवा. वस्तू मोडली तर कुणाची, आणि पैसे कुठल्या खात्यातून. मग दुकानात जा, तिघी जा, आणि आधी पाय बघा. येतो आम्ही. नमस्कार.