देहातले पाणी आणि जलसंजीवनी



शरीर म्हटले की हाडे, स्नायू, हृदय असे घट्ट अवयव आपल्या डोळ्यांसमोर येतात. वस्तुतः प्रौढ माणसाच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पाण्याचा असतो. ७० किलो वजनाच्या पुरुषाच्या देहात अंदाजे ४२ लिटर पाणी असते. त्याचा दोन तृतीयांश हिस्सा पेशींच्या आत आणि उरलेला पेशींच्या बाहेर. रक्तातील द्रवभाग जेमतेम तीन लिटर. पेशींच्या आत पोटॅशियमचे, तर बाहेर सोडियमचे प्राबल्य असते. हृदयाचा ठोका, स्नायूंची हालचाल आणि मेंदूची जाणीव या तोलावर अवलंबून आहे.

या द्रवांच्या विनियोगात निसर्गाने कमालीची काटकसर साधली आहे. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्यांतील स्राव मिळून रोज सुमारे सात लिटर द्रव अन्नमार्गात उतरतो. खाण्यापिण्यातून आलेले दोन लिटर त्यात मिळतात. या नऊ लिटरपैकी शौचावाटे बाहेर पडते ते केवळ १०० ते २०० मिलिलिटर! बाकी सर्व पाणी आतडी पुन्हा शोषून घेतात.

ही व्यवस्था कोलमडली की काय होते, हे पटकीने जगाला दाखवून दिले. आपल्याकडे या रोगाच्या भयाने गावोगावी मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेला जाई. पटकीचे जंतू रक्तात शिरत नाहीत. ते आतड्यात राहून विष सोडतात. हे विष म्हणजेच रोगाचे मूळ, हे १९५९ साली कोलकात्यात दाखवून दिले डॉ. शंभुनाथ डे यांनी. या विषामुळे आतडी पाणी व क्षार शोषण्याऐवजी बाहेर टाकू लागतात. प्रौढ रुग्ण तासाला एक लिटरपर्यंत पाणी गमावू शकतो. डोळे खोल जातात, नाडी लागेनाशी होते आणि काही तासांत धडधाकट माणूस दगावतो.

शिरेवाटे सलाईन देणे हा त्यावरचा उपाय होता. पण तो रुग्णालयांपुरता. नुसते पाणी किंवा मिठाचे पाणी पाजले, तर ते शोषले जात नव्हते. या कोड्याचे उत्तर आतड्याच्या रचनेतच होते. पटकीच्या विषाने मिठाची नेहमीची वाट बंद होते. पण एक वाट उघडी राहते. त्या वाटेने मीठ एकटे जात नाही, साखरेचा हात धरून जाते. ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत शिरतात आणि त्यांच्यामागोमाग पाणीही शिरते. १९६८ साली ढाक्यातील रुग्णांवर हे तत्त्व सिद्ध झाले.

त्याची खरी कसोटी लागली १९७१ साली. पूर्व पाकिस्तानातील अत्याचारांमुळे सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. सीमेवरच्या बनगाव येथे पटकीने थैमान घातले. सलाईनचा साठा संपत आला. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी धाडसी निर्णय घेतला. एक लिटर पाण्यासाठी २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा अशा पुड्या कोलकात्यात भरल्या गेल्या. खर्च लिटरमागे अवघे ११ पैसे! पिंपांत द्रावण तयार होई आणि रुग्णाचे आप्तच ते पेल्याने पाजत. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण या उपचाराखाली ३.६ टक्क्यांवर आले.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत स्वीकारली आणि जगभरातील कोट्यवधी बालके वाचली. आपल्याकडे तिला 'जलसंजीवनी' हे सार्थ नाव मिळाले. डॉ. महालनोबिस २०२२ साली निवर्तले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. डॉ. डे मात्र १९८५ साली अशा कोणत्याही मोठ्या सन्मानाविनाच गेले.

सज्जनहो, इतके सोपे ज्ञान हाताशी असूनही 'जुलाब होत असताना पाणी दिले तर जुलाब वाढतील' ही समजूत आजही अनेक घरांत टिकून आहे. ती बालकाच्या जिवावर बेतू शकते. जुलाब थांबण्याची वाट न पाहता गेलेले पाणी भरून काढायला हवे. जलसंजीवनीची पुडी प्रत्येक घरात असावी. ती नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ विरघळवावे. मीठ जास्त झाल्यास ते घातक ठरते, म्हणून माप काटेकोर हवे. मूल ओकले तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने पाजावे. अंगावरचे दूध आणि नेहमीचा आहार बंद करू नये. मूल मलूल झाले, पाणी पिईनासे झाले किंवा शौचातून रक्त पडू लागले, तर विलंब न लावता दवाखाना गाठावा.

बनगावात हे द्रावण पाजणारे बहुतेक हात प्रशिक्षित परिचारिकांचे नव्हते. ते आईबापांचे आणि भावंडांचे होते. जे निर्वासितांच्या छावणीत साधले, ते आपल्या घरात साधणे अवघड नाही.