शून्याचं बटण अडकतं तेव्हा

बऱ्याच बचत गटांकडे कुणीतरी दिलेला जुना संगणक असतो. काही जुन्या कीबोर्डची बटणं टकटक वाजतात आणि त्यांत प्रत्येक बटणाखाली वेगळी स्प्रिंग असते. हे कीबोर्ड दणकट असतात. पण धूळ बसते, चहा सांडतो आणि दाबलेलं बटण लवकर वर येत नाही. शून्याचं बटण असं अडकलं, तर २०० रुपयांच्या बचतीचे २,००० होतात. मग मासिक बैठकीत शंका घेतली जाते ती हिशेब लिहिणाऱ्या ताईवर.

अशा वेळी हात खोबरेलाकडे नाहीतर शिलाई मशीनच्या तेलाकडे जातो. दोन्ही नको. तेलाला धूळ धरते आणि त्याचा चिकटा होतो. खोबरेल तर थंडीत गोठतं. बटण अडकतं ते बहुतेक वेळा मळानं. म्हणून आधी सफाई, मग वंगण.

संगणक बंद करून कीबोर्डची वायर काढा. बटणांची जागा चुकू नये म्हणून मोबाइलवर फोटो घ्या. कीबोर्ड उलटा धरून हलकेच थोपटा, ब्रशनं झाडा. मग बटणाची टोपी दोन्ही बाजूंनी सरळ वर ओढा. स्पेस आणि एंटरच्या मोठ्या बटणांखाली तार असते, ती जपा. टोप्या साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत पूर्ण वाळवा. आतला चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीनं पुसा. हे द्रव पेट घेतं, तेव्हा चूल, गॅस, दिवा लांब ठेवा.

आता वंगण. प्लास्टिकला चालणारं सिलिकॉन ग्रीस घ्या. मोहरीएवढंही नको, काडीच्या टोकाला लागेल तेवढंच पुरे. मोठ्या बटणांची तार जिथे घासते, तिथेच लावा. टकटक वाजणाऱ्या बटणाच्या आत लावू नका. तिथे सहसा धातूच्या पट्ट्या जुळतात तेव्हाच अक्षर उमटतं.

हे काम बैठकीच्या आदल्या रात्री काढू नका, वाळायला दिवस लागतो. सगळं बसवल्यावर प्रत्येक आकडा दहा वेळा दाबून पाहा. दहाच उमटले पाहिजेत. तरीही अडकत असेल, तर दुरुस्तीवाल्याला दाखवा.

आणि बटण कितीही छान चालू दे, रक्कम भरल्यावर ती मोठ्यानं वाचून पासबुकाशी ताडायची सवय सोडू नका.